नोंदीचा अधिकार : घरून चालणारे काम, यांत्रिक देखरेख आणि कामगाराची दाद

मालकाने वेतन द्यावे आणि नोकराने त्या वेतनाच्या मोबदल्यात आपला वेळ व आपले कौशल्य द्यावे, हा करार जितका जुना, तितकाच जुना त्या करारातून उद्भवणारा संशयही आहे. कारण वेतन मोजता येते, वेळही एका मर्यादेपर्यंत मोजता येतो, परंतु त्या वेळात माणसाने मन लावून काय केले हे मोजण्याचे खात्रीचे साधन अद्याप कोणाला सापडलेले नाही. हजेरीपट, मुकादम, पाळीचा भोंगा, दारावरचे कार्ड ही सर्व साधने या एकाच उणिवेवर वेळोवेळी काढलेली तोड होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे जगभरची कार्यालये बंद झाली, टेबलाखुर्च्यांनी भरलेली दालने ओस पडली आणि कोट्यवधी माणसे घरातल्या संगणकासमोर बसून काम करू लागली, तेव्हा ही जुनी साधने एकाएकी निकामी ठरली. त्यांची जागा संगणकातच बसवलेल्या देखरेखीच्या प्रणालींनी घेतली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्या प्रणालींना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली. या सर्व व्यवहाराचा साधकबाधक आढावा घेण्याचा हेतू प्रस्तुत लेखामागे आहे. लेखाचा निष्कर्षही आरंभीच सांगून ठेवणे उचित होईल : देखरेख ही मुळातच त्याज्य आहे असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही; परंतु ज्याच्याविषयी नोंद होते त्याला ती नोंद पाहण्याचा, तिचा खुलासा मागण्याचा आणि तिच्याविरुद्ध एखाद्या उत्तरदायी माणसापुढे दाद मागण्याचा अधिकार नसेल, तर त्या देखरेखीला न्याय्य म्हणता येणार नाही.

हजेरीचा पूर्वेतिहास

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम याच्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या नियोजित वास्तूचा उल्लेख बहुधा बंदिशाळेच्या संदर्भात केला जातो. परंतु ती कल्पना मूळची तुरुंगाची नव्हती, ही गोष्ट आजच्या चर्चेत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जेरेमीचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा रशियात राजपुत्र पोटेम्किन याच्या क्रिचेव येथील जहागिरीवर, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये, कारखान्यांचा कारभार पाहत होता. मोजक्या देखरेख्यांना पुष्कळ कामगारांवर नजर ठेवता यावी म्हणून त्याने मध्यवर्ती बैठकीची ही रचना योजिली, १७८६-८७ मध्ये त्याच्याकडे मुक्कामास गेलेल्या जेरेमीने ती पत्ररूपाने लिहून काढली आणि १७९१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अर्थात, जिला पुढे तुरुंगाचे प्रतीक मानले गेले, तिचे बीज कामगारावरील अविश्वासातच होते.

त्यानंतरच्या शतकात घड्याळ आले. न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ आपोआप छापणारे यंत्र सिद्ध केले. त्याचा धंदा विलीनीकरणांच्या मार्गाने १९११ मध्ये ज्या कंपनीत सामावला, तिनेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. हजेरीचे घड्याळ आणि संगणक यांचे कुलवृत्तांत असे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्याच १९११ साली फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात कामाचे लहानात लहान क्रियांत विभाजन करून प्रत्येक क्रियेचा वेळ मोजण्याचा आग्रह होता. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी, स्टॉपवॉच घेऊन आपल्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाला हरकत घेऊन काम थांबवले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत गेले, खुद्द टेलरची जबानी झाली आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत अशा मोजमापावर खजिन्यातील पैसा खर्च करण्यास मनाई करण्यात आली. ती मनाई १९४९ पर्यंत टिकली.

मुंबईच्या गिरण्यांत देखरेखीची ही भूमिका मुकादमाकडे होती. कामगार भरणे, हजेरी लावणे, बदलीवाल्यांना काम देणे वा नाकारणे आणि त्याबद्दल दस्तुरी घेणे, असा त्याचा अंमल होता. तो पुष्कळदा जुलमी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या जुलमाला एक चेहरा होता, त्या चेहऱ्याशी हुज्जत घालता येत होती आणि त्याचे गाऱ्हाणे वर नेता येत होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या करून जो अर्ज सादर केला, त्यात रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांची मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्या होत्या. त्यांपैकी रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. वॉटरटाउन काय आणि मुंबई काय, वेळेच्या मोजणीचे नियम मालकाने एकट्याने ठरवायचे नसतात, हे तत्त्व कामगारांना झगडून प्रस्थापित करावे लागले, हाच या पूर्वेतिहासाचा बोध आहे.

कार्यालय घरात शिरते

संगणकाद्वारे देखरेख ही करोनाकाळाची निर्मिती नव्हे. अमेरिकन काँग्रेसच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८७ मध्येच ‘इलेक्ट्रॉनिक पर्यवेक्षक’ या विषयावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला होता, आणि पुढच्याच वर्षी शोशाना झुबॉफ यांनी आपल्या ग्रंथात बेंथॅमच्या वास्तूचा नवा अवतार म्हणून माहितीच्या जाळ्याकडे बोट दाखवले होते. परंतु तोपर्यंत ही देखरेख मुख्यत्वे कार्यालयाच्या चार भिंतींत होती. ती घराचा उंबरठा ओलांडून आत आली, तेव्हा तिचे स्वरूप पालटले.

आज प्रचलित असलेल्या साधनांचा तपशील थोडक्यात असा : कीबोर्डावरील कळींचे दाब आणि माउसच्या हालचाली मोजणे, ठरावीक अंतराने पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेणे, कोणते संकेतस्थळ व कोणते ॲप किती वेळ उघडे होते याची वर्गवारी करणे, वेबकॅममधून माणूस जागेवर आहे की नाही हे पाहणे, आणि संवादाच्या प्रणालीत नावापुढे दिसणारा हिरवा ठिपका किती वेळ हिरवा राहिला याची नोंद ठेवणे. जगभरच्या मुक्त व्यावसायिकांना तासावारी काम मिळवून देणाऱ्या अपवर्क या मंचावर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट घेऊन ‘कार्य-रोजनिशी’ तयार होते, आणि त्या रोजनिशीच्या आधारावरच मोबदल्याची हमी मिळते. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या हिवाळ्यात आपल्या कार्यालयीन प्रणालीत जो ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ दिला, त्यात कोणत्या कर्मचाऱ्याने किती दिवस ईमेल पाठवले, किती बैठकांत कॅमेरा चालू ठेवला हे नावनिशीवार दिसण्याची सोय होती. ऑस्ट्रियातील संशोधक वोल्फी क्रिस्टल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर टीकेची झोड उठवताच १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने व्यक्तींची नावे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. पुण्यात स्थापन झालेल्या सेपियन्स या कंपनीची अशीच एक प्रणाली बार्कलेज बँकेने लंडनच्या कार्यालयात प्रायोगिक तत्त्वावर चालवली होती; फेब्रुवारी २०२० मध्ये कर्मचाऱ्यांची नाराजी वृत्तपत्रांत आली आणि व्यक्तिगत नोंदी वरिष्ठांना दिसणार नाहीत असा फेरफार बँकेला करावा लागला. या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की विरोध उघडपणे व्यक्त झाला, तर मोठमोठ्या संस्थांनाही माघार घ्यावी लागते.

या देखरेखीमागील मनोवृत्तीचे मोजमाप खुद्द मायक्रोसॉफ्टनेच केलेले आहे. ११ देशांतील २०,००० लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या तिच्या सप्टेंबर २०२२ च्या अहवालानुसार ८७ टक्के कर्मचारी आपण कामात चोख आहोत असे सांगत होते, तर ८५ टक्के वरिष्ठांना या नव्या कार्यपद्धतीत माणसे नीट काम करीत आहेत असा भरवसा वाटणे कठीण झाले होते. एकाच कामाविषयी दोन पक्षांच्या समजुतींत एवढी तफावत असते, तेव्हा तिसऱ्याची, म्हणजे यंत्राची, साक्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ही साक्ष कितपत विश्वसनीय आहे, हाच खरा प्रश्न होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काय पालटले

जुन्या देखरेखीला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडल्याने तीन बाबतींत गुणात्मक बदल झाला. पहिला बदल व्याप्तीचा आहे. कॉल सेंटरमध्ये संभाषणे पूर्वीपासून ध्वनिमुद्रित होत. पण ‘क्वालिटी’चा माणूस त्यांतली मोजकीच ऐके, कारण त्याचे कान दोनच आणि दिवसाचे तास ठरलेले. आता प्रत्येक संभाषणाचे लिखाण यंत्र आपोआप करते, प्रत्येकाला गुण देते आणि कोणी ग्राहकाचे बोलणे तोडले, कोणी ठरलेले वाक्य उच्चारले नाही, हे त्याच क्षणी वरिष्ठापुढे ठेवते. मानवी देखरेखीला तिच्या मर्यादांमुळे जी उसंत आपसूक मिळत असे, ती संपली. माणूस चुकतो, दमतो, क्षणभर गप्प बसतो, या गोष्टींना पूर्वीच्या पाहणीत जी मुभा होती ती कोणी कायद्याने दिली नव्हती. ती काढून घेताना मात्र कोणालाच काही विचारावे लागले नाही.

दुसरा बदल अनुमानाचा आहे. यंत्र आता केवळ काय घडले हे टिपून थांबत नाही. आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग, चेहऱ्यावरचे हावभाव यांवरून माणूस उत्साही आहे की त्रासलेला, नोकरी सोडण्याच्या विचारात आहे की नाही, असे तर्कही ते करू लागले आहे. या तर्काचा पाया डळमळीत आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारांहून अधिक शोधनिबंध अभ्यासून २०१९ मध्ये असा निष्कर्ष मांडला की केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाची भावना खात्रीने ओळखता येत नाही. एकच भावना निरनिराळ्या माणसांत निरनिराळ्या रीतीने प्रकट होते आणि संस्कृतीनुसारही तीत भेद पडतो. सांगली-सोलापूरकडची मुलगी रात्रपाळीत परदेशी ग्राहकाशी बोलताना आवाज जपून, काहीसा सपाट ठेवते, तेव्हा तिच्या सावधपणाला अनास्था ठरवणारे यंत्र कोणत्या माणसांच्या आवाजावर घडवले गेले आहे, हे तिला विचारता आले पाहिजे.

तिसरा बदल सर्वांत खोल असून त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. देखरेखीतून साठलेली माहिती हीच आता यंत्राच्या शिक्षणाची सामग्री झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनियल ली आणि लिंडसे रेमंड यांनी ग्राहक-साहाय्य करणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, त्यांतील बहुसंख्य फिलिपिन्समध्ये काम करीत होते. संभाषण चालू असतानाच काय उत्तर द्यावे हे सुचवणारे यंत्र हाती आल्यावर त्यांची उत्पादकता सरासरीने सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ त्याच्या दुपटीच्या घरात होती, तर निष्णातांना मात्र फारसा लाभ झाला नाही. कारण उघड आहे : निष्णातांच्या हजारो संभाषणांतून त्यांच्या बोलण्याची खुबी यंत्राने उचलली होती आणि तीच ते नवख्यांच्या तोंडी घालीत होते. नवख्यांचा फायदा झाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वर्षानुवर्षे ग्राहकांशी बोलून एखाद्याने कमावलेली कसबी वाणी ही कोणाची मालमत्ता, तिचा मोबदला कोणत्या हिशेबात धरायचा, आणि ध्वनिमुद्रण ‘गुणवत्तेसाठी’ होत आहे असे सांगून घेतलेली संमती या नव्या उपयोगालाही लागू पडते काय, हे प्रश्न त्या आनंदाने मिटत नाहीत. कारागिराचे कसब हेच आजवर त्याचे सौदा करण्याचे बळ होते. ते त्याच्या नकळत त्याच्यापासून वेगळे करता येते, ही या काळाची नवी वस्तुस्थिती आहे.

पुरावा काय सांगतो

देखरेखीच्या समर्थकांचा मुख्य दावा असा की तिच्यामुळे काम वाढते. हा दावा सरसकट खोटा नाही. अमेरिकेतील ३९२ उपाहारगृहांत चोरी हुडकणारी संगणकीय देखरेख आणल्यावर पैशांची अफरातफर घटली आणि विक्री वाढली, असे लामार पिअर्स, डॅनियल स्नो आणि अँड्र्यू मॅकाफी यांनी दाखवून दिले आहे. जेथे गैरव्यवहार ठसठशीत आणि मोजण्याजोगा असतो, तेथे देखरेख उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु एकूण पुराव्याची गोळाबेरीज निराळी आहे. डॅनियल रॅविड, तारा बेहरेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील नव्वदांहून अधिक नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक देखरेखीने कामगिरी सुधारते असा पुरावा त्यांना आढळला नाही. मनावरचा ताण मात्र वाढलेला आढळला. हार्वर्डचे ईथन बर्नस्टाइन यांचा चीनमधील एका मोबाइल फोनच्या कारखान्यातील प्रयोग त्याहून बोलका आहे. सर्व काही वरिष्ठांच्या नजरेसमोर असलेल्या त्या कारखान्यात काही उत्पादन-रांगांभोवती त्यांनी पडदे लावले, आणि त्या आडोशाला कामगारांचे उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढले. कारण नजरेखाली असताना दाखवण्यासाठी काम करणारे कामगार आडोशाला आपल्या युक्त्या मोकळेपणे वापरू लागले, एकमेकांना शिकवू लागले आणि नवे प्रयोग करू लागले.

घरून केलेल्या कामाचे काय? शांघायच्या सीट्रिप या प्रवास-कंपनीत निकोलस ब्लूम यांनी २०१० च्या अखेरीस सुरू केलेल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. उलट, आशियातील एका मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या, देखरेखीच्या प्रणालीनेच टिपलेल्या नोंदी मायकेल गिब्स, फ्रीडरिके मेंगेल आणि क्रिस्टोफ सीमरोथ यांनी तपासल्या, तेव्हा करोनाकाळात कामाचे तास वाढले, पण दर तासाचे काम घटले, असे दिसले. या दुसऱ्या अभ्यासाचे मर्म त्याच्या तपशिलात आहे. माणसे आळसावली नव्हती. बैठका वाढल्या होत्या, अखंड लक्ष देऊन काम करण्याचा वेळ तुटक झाला होता आणि वरिष्ठांकडून मिळणारे प्रत्यक्ष मार्गदर्शन कमी झाले होते. म्हणजे ज्या नोंदींच्या आधारे एखाद्या उतावीळ व्यवस्थापकाने कर्मचाऱ्यांना कामचुकार ठरवले असते, त्याच नोंदी नीट वाचल्या असता व्यवस्थापनाचीच उणीव दाखवत होत्या. नोंद कोण वाचतो आणि कोणत्या हेतूने वाचतो, यावर तिचा अर्थ किती अवलंबून असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हालचाल मोजली, काम निसटले

यंत्र जे मोजते ती हालचाल असते. काम तिच्या आडून निसटून जाते. विचार करणारा अभियंता, फोनवर अडलेल्या सहकाऱ्याला समजावून सांगणारी टीम लीड, कागदावर आकृती काढणारा आरेखक ही सर्व माणसे यंत्राच्या दृष्टीने रिकामी बसलेली असतात. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तात मिनेसोटातील एका रुग्णसेवा संस्थेत मरणासन्न रुग्णांना धीर देणाऱ्या धर्मोपदेशकांनाही भेटीमागे गुण देण्याची पद्धत लागू केल्याचे वर्णन होते. मृत्युशय्येवरच्या माणसाजवळ किती वेळ बसावे, हे ज्या दिवशी गुणांच्या बेरजेवर ठरू लागते, त्या दिवशी कामाचा आत्माच हरवतो.

मोजणी हालचालीची होते, म्हणून हालचालीचे सोंगही वठवता येते. माउस आपोआप हलवणारी उपकरणे बाजारात आली, आणि २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डाच्या कामाचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. अप्रामाणिकपणाचे समर्थन येथे करावयाचे नाही. परंतु ज्या मापाचे सोंग एका लहानशा उपकरणाने वठवता येते, त्या मापावर माणसाच्या उपजीविकेचा निर्णय सोपवणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार व्हावा. दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात घरून काम करणाऱ्या एका लेखापाल स्त्रीने बडतर्फीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२३ च्या जानेवारीत तेथील न्यायाधिकरणाने देखरेख-प्रणालीच्या नोंदी ग्राह्य धरून, न केलेल्या कामाचे पैसे परत करण्याचा आदेश तिलाच दिला. या प्रकरणी लक्षात घेण्याजोगी बाब अशी की नोंद उघड मांडली गेली, प्रतिपक्षाला तिच्यावर आपली कैफियत देता आली, आणि निर्णय तटस्थ माणसाने केला. नोंदीचा असा उपयोग आक्षेपार्ह नाही.

मालकांच्या अडचणींची दखलही घेतली पाहिजे. बँकेच्या ग्राहकांची माहिती, औषधकंपनीची गुपिते, परदेशी ग्राहकाशी झालेला गोपनीयतेचा करार या गोष्टी घरातल्या संगणकावरून हाताळल्या जातात, तेव्हा काही दक्षता अपरिहार्य ठरते. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपन्यांची भीती निराधार नव्हती हेही दिसून आले. आपल्याकडच्या माहिती-तंत्रज्ञान व्यवसायात तर परदेशी ग्राहक तासावारी पैसे देतो आणि त्या तासांचा पुरावा मागतो. त्यामुळे हिंजवडीतला टीम लीड आपल्या माणसावर नजर ठेवतो तेव्हा त्याच्यावरही दूरच्या कोणाची तरी नजर असते. पण सुरक्षेसाठी ठेवलेली नोंद सुरक्षेपुरती राहावी. तीच गुपचूप पगारवाढीच्या ॲप्रेझलला जोडली जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्तच आहे.

निरनिराळ्या देशांचे कायदे

या बाबतीत युरोपने सर्वांत आधी व सर्वांत खोल विचार केला. इटलीने १९७० च्या कामगार-संहितेतच कामगारांवर दुरून नजर ठेवणारी साधने संघटनेशी करार केल्याखेरीज बसवण्यास मनाई केली. जर्मनीत कामगारांच्या वर्तनावर लक्ष ठेवू शकणारे कोणतेही तांत्रिक साधन आणण्यापूर्वी कर्मचारी-मंडळाची संमती लागते, आणि तेथील सर्वोच्च श्रम न्यायालयाने २०१७ मध्ये, ठोस संशयाखेरीज कळींचे दाब टिपणाऱ्या प्रणालीतून मिळालेला पुरावा बडतर्फीसाठी अग्राह्य ठरवला. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने रुमानियातील बार्बुलेस्कू खटल्यात, कर्मचाऱ्याचे खासगी संदेश वाचण्यापूर्वी त्याला देखरेखीचे स्वरूप व व्याप्ती यांची पूर्वसूचना दिली होती काय, हा प्रश्न निर्णायक मानला. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील न्यायालयाने, दिवसभर वेबकॅम चालू ठेवण्यास नकार दिल्याबद्दल एका अमेरिकन कंपनीने काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यास मोठी भरपाई देवविली. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये एका मालमत्ता-व्यवहार कंपनीला ४०,००० युरोंचा दंड केला. त्या प्रकरणात तीन ते पंधरा मिनिटे कळ दाबली गेली नाही की तो वेळ ‘निष्क्रिय’ धरला जाई, आणि बैठक किंवा फोन हेही कामच असते, हे आयोगाला त्या कंपनीस बजावावे लागले.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने याही पुढचे पाऊल टाकले. वैद्यकीय आणि सुरक्षाविषयक कारणे सोडता, कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. भरती, बढती, बडतर्फी आणि कामगिरीचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणाली ‘अतिजोखमीच्या’ वर्गात घातल्या आहेत. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने तर ४ एप्रिल २०२३ रोजी उबर आणि ओला या कंपन्यांच्या चालकांना, यंत्राने आपल्याविषयी बांधलेल्या अनुमानांचा खुलासा मागण्याचा हक्क मोठ्या प्रमाणात मान्य केला. त्या मानाने अमेरिकेचा कायदा मालकाला बरीच मोकळीक देतो. न्यूयॉर्क राज्याने मे २०२२ पासून, आणि कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने त्याच वर्षी फक्त २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरती, देखरेखीची लेखी पूर्वसूचना सक्तीची केली, पण सूचना दिली की बहुतेक सर्व काही करण्यास मुभा उरते.

आपल्याकडील स्थिती

भारतात, आणि विशेषेकरून पुणे, मुंबई, नवी मुंबई या पट्ट्यात, हा प्रश्न अगदी दाराशी आहे. कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्यावर दूरसंचार विभागाची कडक बंधने होती. मार्च २०२० मध्ये ती सैल झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मूळ नियमच शिथिल करण्यात आले. लाखो घरांतील एखादा कोपरा अशा रीतीने कार्यालय झाला. परंतु आपली घरे लहान आहेत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वेबकॅमच्या टप्प्यात सासूबाईंची पूजा येते, मुलाचा अभ्यास येतो, आजाऱ्याचे अंथरूण येते. त्यांपैकी कोणीही कंपनीशी करार केलेला नसतो. घरातील देखरेख ही कधीच एकट्या नोकराची देखरेख नसते, हा विचार आपल्या कायद्यात कोठेही उमटलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरवला. तथापि तो मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्धचा अधिकार आहे. खासगी मालकाच्या बाबतीत आधार आहे तो २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाच्या आहेत. या कायद्याच्या सातव्या कलमाने ‘नोकरीच्या प्रयोजनार्थ’ आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा दिली आहे. मुभा व्यापक आहे, पण खरी मेख पुढे आहे. आपली माहिती पाहण्याचा अकराव्या कलमातील आणि ती दुरुस्त करून घेण्याचा बाराव्या कलमातील हक्क हे, जेथे माहिती संमतीने वा स्वेच्छेने दिलेली आहे, तेवढ्यापुरतेच मर्यादित आहेत. परिणामी, जेथे मालकाला संमती मागण्याची गरजच ठेवलेली नाही, नेमक्या तेथेच कर्मचाऱ्याला नोंद पाहण्याचा व सुधारून घेण्याचा हक्क उरत नाही. ज्याला हरकत घेण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच कायद्याने दाराबाहेर ठेवले आहे.

काय व्हावे

या आढाव्यातून निघणारे उपाय अवघड नाहीत. त्यांच्यासाठी इच्छा हवी. देखरेख कोणती, कशासाठी, किती काळ आणि तिच्या नोंदी कोणाच्या हाती, हे नोकरी लागतेवेळीच लेखी व कर्मचाऱ्याला समजणाऱ्या भाषेत सांगितले जावे. पाळी संपताच नोंद थांबावी, आणि घरात वेबकॅमची अखंड नजर असू नये. माणसाच्या मनोवस्थेचे तर्क करणारी यंत्रे कामाच्या व्यवहारातून वगळावीत, कारण त्यांचे शास्त्रच सिद्ध झालेले नाही. पगार कापणे, बढती रोखणे, कामावरून काढणे हे निर्णय यंत्राच्या गुणांवर आपोआप न होता नाव घेऊन उत्तर देता येईल अशा माणसाने, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून, सकारण करावेत. कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतून यंत्र घडवायचे असेल, तर तो उपयोग स्वतंत्रपणे सांगून त्याचा मोबदला ठरवावा. पुण्यातील नाइट्ससारख्या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटना आज टाळेबंदी व नोकरकपातीच्या प्रश्नांवर आवाज उठवतात. देखरेखीच्या अटींवर वाटाघाटी करणे हाही त्यांच्या कार्यक्रमाचा भाग व्हावयास हवा, कारण एकट्यादुकट्या नोकराला नोकरीच्या करारपत्रावर सही करताना हरकत घेण्याचे बळ नसते.

आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, अकराव्या व बाराव्या कलमांतील नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क, नोकरीच्या प्रयोजनार्थ संमतीवाचून घेतलेल्या माहितीलाही लागू करणारी दुरुस्ती, या तरतुदी अंमलात येण्यापूर्वीच संसदेने करावी. त्या दुरुस्तीने कोणाही प्रामाणिक मालकाचे नुकसान होणार नाही. कारण जी नोंद खरी आहे ती दाखवण्यात त्याला भय नाही, आणि जी दाखवता येत नाही तिच्या आधारावर कोणाची भाकर काढून घेण्याचा त्याला अधिकार असू नये. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या लोकप्रतिनिधींकडे ही मागणी करण्याचे काम येथील कर्मचाऱ्यांचे, त्यांच्या संघटनांचे आणि आपल्या सर्वांचे आहे.